मराठीच आधी का सोडायची?

मूल अभ्यासात मागे पडू लागले की घरातून पहिली हद्दपार होते ती मराठी. हैदराबाद-सिकंदराबादच्या जुन्या मराठी कुटुंबांत ही चाल आता रूढ होऊन बसली आहे. मूल वाचताना अडखळते, ओळ चुकते, घ आणि ध यांत गोंधळते, तोंडी सगळे सांगते पण लिहायला बसले की हात आखडतो. मग शिक्षक सांगतात, शेजारी सांगतात, क्वचित डॉक्टरही सांगतात, ‘घरी एकच भाषा ठेवा, मुलाच्या डोक्यावरचा भार कमी करा.’ ती एक भाषा कोणती, हे कोणी विचारीत नाही. ती इंग्रजी, हे गृहीतच असते. या सल्ल्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. तो भाषाभिमानातून आलेला नाही, मुलाच्या हिताचा विचार करूनच आम्ही तो नोंदवीत आहोत.

दोन भाषांनी मूल गोंधळते, ही समजूत जुनी आहे, पण तिला आधार नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या आणि स्वमग्न मुलांचाही या दृष्टीने परदेशांत अभ्यास झाला आहे. घरात दोन भाषा असल्यामुळे अशा मुलांची भाषिक वाढ खुंटते, असे त्यात आढळले नाही. उलट, आईवडिलांनी आपली सहज भाषा टाकून बेतीव इंग्रजीत बोलायचे ठरवले की बोलणेच आटते. ‘ये’, ‘जा’, ‘जेव’, ‘झोप’ एवढ्या आज्ञा उरतात. गोष्ट, थट्टा, रुसवा, समजूत हे सारे आजीच्या मराठीतच राहते, आणि त्या आजीपासून आपण मुलाला तोडतो. ज्या मुलाला शब्दांची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी शब्द येतात.

दुसरा मुद्दा लिपीचा. इंग्रजीत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरे ‘टफ’, ‘थ्रू’ आणि ‘दो’ या तीन शब्दांत तीन वेगळे उच्चार धारण करतात. देवनागरीत असा छळ फारसा नाही. ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ यांतला च वेगळा उच्चारला जातो, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहे. पण सामान्यतः जे लिहिले तेच वाचायचे. वाचनाची अडचण असलेल्या मुलाने सर्वांत अनियमित लिपीव्यवहार तेवढा ठेवावा आणि नियमित तो टाकावा, हे कोणते शहाणपण? शिवाय शाळेत हिंदी असेल तर देवनागरी शिकावी लागतेच. तेथे मराठी सोडून एकाही लिपीचा भार हलका होत नाही. 2018 च्या कायद्याने तेलंगणात दहावीपर्यंत तेलुगू अनिवार्य झाली, त्यामुळे तिची लिपीही सुटत नाही. म्हणजे भार जिथल्या तिथे राहतो, जाते ती घरची भाषा.

देवनागरी सोपी आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. मुळाक्षरे, त्यांची बाराखडी आणि वर जोडाक्षरे, अशी शेकडो रूपे डोळ्याला ओळखावी लागतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना क आधी येतो. एकटा र ‘प्र’, ‘र्क’, ‘ट्र’ आणि ‘ऱ्य’ अशी चार सोंगे घेतो. भ-म, ब-व यांची ठेवण जवळची. ज्या मुलाचा डोळा अशा ठिकाणी ठेचकाळतो, त्याला वेळ लागतो, आणि वेळेबरोबर साधने लागतात. खरी उणीव येथेच आहे. इंग्रजीसाठी ध्वनिपत्ते, पायरीपायरीची पुस्तके, मोठ्या टायपातली वाचनमाला, ध्वनिमुद्रित धडे दुकानात मिळतात. मराठीसाठी शिक्षिकेच्या हाती असतो बाराखडीचा तक्ता. तो शंभरदा म्हणवून घ्यायचा आणि तरी जमले नाही तर मूल मंद ठरवायचे!

वास्तविक लागणारी साधने राजवाड्यातली नाहीत. बोटाने गिरवता येतील अशी खडबडीत कागदाची अक्षरे, व्यंजन एका रंगात आणि मात्रा दुसऱ्या रंगात छापलेले पत्ते, एका वेळी एकच ओळ दाखवणारी खिडकीची पट्टी, कानाने ऐकत डोळ्याने वाचता येईल असे मोठ्या टायपातले गोष्टींचे पुस्तक, दशक-एककासाठी मणी. ताराबाई मोडकांनी गुजराती भावनगरात राहून गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ तेथेच निघाला. पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी बिया, पाने, खडे यांतून शिक्षणाची साधने घडवली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला हे जमत नाही, असे म्हणण्याची सोय या बाईंनी आपल्याला ठेवलेली नाही.

साधनांत शब्दही येतात, आणि येथे आपल्या साहित्यिक मंडळींची परीक्षा होते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनरीत आली, तेव्हा केवढा गहजब झाला! विधानसभेपर्यंत टिंगल पोचली. जुनी नावे रद्द केलेली नाहीत, हे मंगला नारळीकर सांगत राहिल्या, पण ऐकायला कोणी तयार नव्हते. आपण हैदराबादकरांनी तरी हसू नये. आपल्या अंगणातली तेलुगू ‘इरवै ओकटि’ म्हणते, म्हणजे वीस एकच. मराठीत कानाला ‘त्रेसष्ट’मधला तीन आधी ऐकू येतो आणि हाताला सहा आधी लिहायचा असतो. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकून पाच लिहायचा. आकड्यांत गोंधळणाऱ्या मुलाला काही दिवस ‘साठ तीन’ची काठी दिली, म्हणून भाषा लंगडी होत नाही. मूल चालू लागले की काठी आपोआप सुटते.

कायदा या बाबतीत मागे नाही. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वात स्थान दिले आणि ती लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्याचे बंधन शिक्षणसंस्थांवर घातले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन अक्षमतेसाठी ज्या भारतीय भाषांत चाचणी तयार केली, त्यांत मराठी आहे. मराठी मुलाची तपासणी केवळ इंग्रजीतून करून निदान देणाऱ्यांना हा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे. आणि लेखनिक, वाढीव वेळ, एखाद्या भाषेच्या परीक्षेतून सूट या सवलती जरूर घ्याव्यात. पण परीक्षेतून सूट मिळाली म्हणून त्या भाषेचे घरातले बोलणे बंद करायचे, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

आता आपल्या मंडळांविषयी. आपण स्पर्धा घेतो त्या पाठांतराच्या, शुद्धलेखनाच्या, हस्ताक्षराच्या. ज्या मुलाला नेमके हेच जमत नाही, त्याला गणेशोत्सवाच्या मांडवात मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवण्याखेरीज काम नसते. वर आपणच हळहळतो, की नवी पिढी मराठीकडे फिरकत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. ज्ञानेश्वरांची भाषा अभिजात, आणि त्याच भाषेत दहा वर्षांच्या मुलाला कानांनी ऐकता येईल अशी गोष्टींची एक पेटी आपल्या ग्रंथालयात नाही, याची लाज कोणाला वाटली?

‘हे शाळेचे, सरकारचे काम आहे’, असे उत्तर येईल. शाळेचे आहेच. पण तेलंगणातली शाळा मराठीची साधने करणार नाही. मराठीसाठी जे करायचे ते आपल्यालाच करावे लागेल. आपल्या पूर्वजांनी निजामी राजवटीत 1907 साली विवेकवर्धिनी उभी केली, ती सरकारची वाट पाहून नव्हे. बौद्धिक दिव्यांगांसाठी 1984 साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आपल्याच सिकंदराबादेत आहे. तिथल्या जाणकारांना बोलावून आपल्या रविवारच्या वर्गांच्या शिक्षिकांना एक दिवस शिकवून घेणे अवघड नाही. घरोघरी निवृत्त, स्वच्छ वाणीची माणसे आहेत. त्यांच्या आवाजात गोष्टी ध्वनिमुद्रित कराव्यात. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या दिव्यांगांसाठी नफा न घेता असे रूपांतर करण्यास 2012 च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्काचा कायदाही आडवा येत नाही. त्यासाठी दिव्यांगांकरिता काम करणाऱ्या संस्थेला सोबत घ्यावे. स्पर्धांत पाठांतराच्या जोडीला ‘आपल्या शब्दांत गोष्ट’ हा विभाग ठेवावा, हाती चित्रे घेण्याची मुभा द्यावी, आणि त्याचे बक्षीस पाठांतराइतकेच असावे.

‘याने दर्जा खालावेल’, ही भीती आम्हांस मान्य नाही. दर्जा उतरतो तो बोलणारे कमी झाल्याने. ज्या मुलाला आज आपण ‘तुला झेपणार नाही’ म्हणून मराठीतून वगळतो, त्याच्या पुढच्या पिढीला मराठी वगळण्याचाही प्रश्न येणार नाही, कारण ती त्या घरात उरलेलीच नसेल. येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही एवढाच ठराव ठेवीत आहोत: या वर्षीच्या स्मरणिकेचा खर्च निम्मा करून त्या पैशांतून साधनांची पहिली पेटी व्हावी. जाहिरातींची चकचकीत पाने एक वर्ष कमी झाली, तर मराठी मरणार नाही.