हिरव्या दिव्यावर भरवसा नको!

आयटीत नवीन लागलात ना? मग हे काम कधी तरी तुमच्या गळ्यात पडणारच: स्टोरेजवर लक्ष ठेवणारी स्क्रिप्ट लिहा. तुम्ही लिहिता, चालवता, ‘ओके’ येतं, की चालले चहाला!

पण ते ‘ओके’ आलं कशावरून? माझी पहिली स्क्रिप्ट आउटपुटमध्ये ‘फेल्ड’ हा शब्द शोधायची. नाही सापडला की सगळं आलबेल. रात्री ती क्रॉनमधून दुसऱ्याच युजरच्या नावाने चालायची. त्याला परवानगीच नव्हती, त्यामुळे आउटपुट कोरं. कोऱ्या कागदावर ‘फेल्ड’ कुठून येणार? तीन आठवडे हिरवा दिवा. आणि आत एक डिस्क केव्हाच गेलेली! रेड-५ मध्ये एक गेली तर निभावतं, बदलायच्या आत दुसरी गेली की डेटा विसरा.

नागिओसमध्ये ०, १, २ सोबत ३ हाही कोड आहे, ‘अननोन’. ‘मला माहीत नाही’ असं स्क्रिप्टला म्हणता यावं म्हणूनच तो आहे. आपण तो वापरत नाही. (मुलाखतीत तरी कुठे म्हणतो!)

मोठेही सुटलेले नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की बॅकअप होतच नव्हते आणि तसं सांगणारे मेलही नाकारले जात होते.

म्हणून टेस्ट मशीनवर मुद्दाम मोडतोड करा. डिस्क फेल करा, पासवर्ड चुकवा, मेल खरंच मोबाइलवर येतो का बघा. मॅनेजर म्हणेल, ‘चालतंय ना? मग?’ तरीही अर्धा दिवस मागून घ्याच.