यागींचा फोटो झाला, आता अर्ज

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ओमर यागी हे अम्मानमध्ये वाढलेले, पॅलेस्टिनी निर्वासितांचे पुत्र. आपल्या ग्रुपांवर फोटो फिरला, ‘माशाअल्लाह’ झालं. त्यांनी केलं काय, हे थोड्यांनीच विचारलं. धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून १९९९ मध्ये त्यांनी एमओएफ-५ हा सच्छिद्र पदार्थ बनवला. दोन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग! अशा पदार्थांत हायड्रोजन साठवता येतो, धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडता येतो, उत्प्रेरकही बसवता येतात.

हे संशोधन पुण्यात एनसीएल आणि आयसरमध्येही चालतं. तरी आमच्या पिंगळीत बी.एस्सी. झालेली पोरं मोबाइलच्या दुकानात बसतात. दोष एकट्या पोरांचा नाही. केंद्रानं २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केली, हा अन्यायच. ती परत मागत राहू. पण सीएसआयआर-नेटची जेआरएफ सगळ्यांना खुली आहे, महिना ३७ हजार. एम.एस्सी. करा, अर्ज भरा.

आणि अम्मी-अब्बांनो, मुलगी पीएच.डी.ला पुण्याला जाते म्हणाली तर ‘लांब पडतं’ म्हणू नका. मजुरीला आपली माणसं पुण्याला जातातच की.