मोटारीच्या डोळ्यांतलें काजळ

दसरा आला कीं मुंबईंतील मोटारींना झेंडूच्या माळा चढतात, चाकांखालीं लिंबें ठेविलीं जातात, आणि त्याच सुमारास घरांतील तरुण मंडळींच्या मनांत आणखी एक हौस डोकावूं लागते. मोटारीच्या पुढील मोठ्या दिव्याच्या कुशींत एक लहानसा दिवा असतो. गॅरेजवाले त्याला पार्किंग म्हणतात. त्यांतला पिवळसर बल्ब काढून तेथें शुभ्र एलईडी बसवावयाची, ही ती हौस. शेजाऱ्यांच्या नव्या मोटारीला जन्मतःच अशी पांढरी भुवई असते. मग आपल्या दहा वर्षांच्या मोटारीनेंच काय पाप केलें? कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील दुकानांतून ही भुवई थोडक्या पैशांत मिळते. दुकानदार पांच मिनिटांत ती बसवून देतो, घरची मंडळी चाळीच्या कठड्यावरून कौतुकानें पाहतात, आणि मोटारीच्या डोळ्यांत काजळ घातल्याचें समाधान सर्वांस होतें.

हौस वाईट, असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. दाराला तोरण असावें, तशी वाहनालाही थोडी शोभा असावी. परंतु पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच तक्रारी सुरू होतात. एका बाजूची भुवई लागते, दुसऱ्या बाजूची लागत नाहीं. चालकासमोर 'बल्ब गेला' अशी खूण उमटते, आणि उतरून पाहावें तों बल्ब लख्ख पेटलेला. दिवा बंद केला तरी तो मंद मंद मिचकावत राहतो. इंडिकेटरचा बल्ब बदलला असेल तर तो दुप्पट वेगानें टिकटिकूं लागतो. रेडिओ लावावा तर गाण्याऐवजीं खरखर. मग वडील मंडळी 'तरी आम्ही सांगत होतों' असें म्हणतात, धाकटी मंडळी दुकानदाराला बोल लावतात, आणि दुकानदार मोटारीला. ह्या भांडणाचा निवाडा करावयाचा तर दोन्ही दिव्यांची जात समजून घेतली पाहिजे.

जुना बल्ब म्हणजे कांचेच्या कुपींत तापणारी एक तार. पार्किंगचा बल्ब बहुतेक मोटारींत १२ व्होल्टचा व ५ वॉटचा असतो. तो कसाही खोंचला तरी पेटतो, आणि विजेचा दाब थोडा कमीजास्त झाला तरी सोसून घेतो. एलईडीची जात निराळी. तिच्यांतून वीज एकाच दिशेनें वाहते. म्हणून उलटा खोंचलेला बल्ब पेटत नाहीं. तो काढून, फिरवून पुन्हां बसविला म्हणजे पुष्कळदां 'मेलेला' दिवा जिवंत होतो. शिवाय ती वीज फार थोडी घेते. अनेकदां एका वॉटहूनही कमी. हा तिचा मोठा गुण खरा. परंतु हल्लींच्या मोटारींतील लहानसा संगणक दिव्याकडे पाहत नाहीं. दिव्यानें वीज किती घेतली, एवढेंच तो मोजतो. ५ वॉट घेणारा एका वॉटवर आला, म्हणजे तो गतप्राण झाला, असा त्याचा निकाल. कांहीं मोटारींत हा संगणक बंद दिव्यालाही विजेचा सूक्ष्म ठोका देऊन त्याची नाडी पाहतो. तेवढ्या ठोक्यानें तार तापत नाहीं, एलईडी मात्र जागी होते. मिचकावण्याचें कारण हेंच. इंडिकेटरची घाई तर मुद्दाम केलेली योजना आहे. एक बल्ब गेला असतां उरलेला भरभर लुकलुकावा आणि चालकास सूचना मिळावी, म्हणून ती केलेली असते. कमी वीज घेणारी एलईडी बसविली कीं तीच सूचना विनाकारण मिळूं लागते.

ह्यावर बाजारांत एक तोडगा मिळतो. रेझिस्टर नांवाचा तुकडा दिव्याच्या तारांना जोडतात, म्हणजे संगणकाची समजूत पटते. परंतु इंडिकेटरसाठीं विकला जाणारा ६ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २४ वॉट उष्णता बाहेर टाकतो. इंजिन चालू असतांना व्होल्टेज १४ च्या घरांत गेलें कीं ती उष्णता ३० वॉटांच्याही वर जाते. म्हणजे वीज वांचविणारा दिवा आणावयाचा, आणि वांचलेली वीज केवळ संगणकाची समजूत घालण्यासाठीं जाळावयाची! हा तापलेला तुकडा प्लास्टिकला टेकला तर प्लास्टिक वितळतें. तो जोडण्यासाठीं मूळ तारा सोलल्या असतील तर पुढें विजेचा कोणताही बिघाड झाला असतां हमीच्या मुदतींतही कंपनी हात वर करूं शकते. नाकापेक्षां मोती जड म्हणतात, तो असा.

एलईडीला उष्णतेचें वावडें असतें, आणि तिचें बिऱ्हाड तर ५५ वॉटच्या मोठ्या दिव्याच्या शेजारीं, बंद कोठडींत. स्वस्तांतला बल्ब तेथें फार दिवस तग धरीत नाहीं. आधीं त्याचा एक कण विझतो, मग दुसरा. आमच्या मुंबईंत त्याला पावसाची जोड मिळते. मोठ्या एलईडी बल्बाला मागें पंखा किंवा धातूची शेपटी असते. ती दिव्याच्या रबरी झांकणांत मावत नाहीं, म्हणून झांकण कापतात किंवा उघडेंच सोडतात. मग आषाढांत मोटार हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यांतून एकदां गेली कीं कांचेआड धुकें दाटतें. जुन्या दिव्याची ऊब तें वाळवीत असे. एलईडीच्या प्रकाशांत तेवढी ऊब नसते.

येथवरचें नुकसान आपल्या घरचें आणि आपल्या खिशाचें. आम्हांस खरी चिंता आहे ती ह्यापुढच्या पायरीची. भुवई पांढरी झाली कीं मधला मोठा दिवा पिवळा दिसूं लागतो, आणि मग तोही पांढरा करावा असें वाटूं लागतें. येथें मात्र प्रकरण शोभेचें राहत नाहीं.

अनेक मोटारींत असणाऱ्या एच-फोर बल्बांत दोन तारा असतात, एक ६० वॉटची व एक ५५ वॉटची. खालच्या झोताच्या, म्हणजे डिपरच्या, तारेखालीं धातूची एक इवलीशी वाटी असते. ती वर जाणारा प्रकाश अडविते, आणि त्यामुळें झोताला वरून स्वच्छ कांठ येतो. दिव्यामागचा आरसा त्या तारेची जागा धरूनच घडविलेला असतो. ती मिलिमीटरच्या अंशानें सरकली तरी त्याचें गणित चुकतें. एलईडी बल्बांत तारेच्या जागीं एका पट्टीच्या दोन बाजूंना प्रकाशकण चिकटविलेले असतात. ते तारेची नक्कल जितकी साधतील तितकाच झोत नीट पडावयाचा. न साधली तर रस्त्यासाठीं असलेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालकाला मोटारीपुढचा जवळचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून दिवा उत्तम आहे अशी त्याची खात्री पटते. प्रत्यक्षांत जवळच्या त्या झगमगाटानेंच दूरचें कमी दिसतें.

आणि समोर असतें कोण? परळच्या केईएम व टाटा रुग्णालयांच्या फाटकांशीं रात्रीं-अपरात्रीं औषध आणावयास निघालेले नातेवाईक. लालबागला आंबेडकर रस्ता ओलांडणारी म्हातारी माणसें. गिरगांवांत फणसवाडीच्या किंवा मुगभाटाच्या अरुंद गल्लींत भिंतीला चिकटून उभी राहिलेली एखादी आजी. वय वाढतें तसें डोळ्यांतलें भिंग पिवळसर व धूसर होतें. झोत आंत शिरला कीं तो पसरतो, आणि दिपलेली दृष्टि ताळ्यावर यावयास तरुणापेक्षां अधिक वेळ लागतो. निळसर झांक असलेला पांढरा प्रकाश अशा डोळ्यांना अधिकच बोंचतो. मोतीबिंदु पिकूं लागलेला असेल तर विचारूंच नका. तेवढ्या क्षणांत पदपथाची कड दिसत नाहीं, आणि त्या वयांत एक पाऊल चुकलें तर मांडीचें हाड मोडतें.

कायद्यानें ह्याचा विचार केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो कीं, पुढील दिव्याचा झोत कायमचा खालीं वळविलेला असावा; दिव्यापासून ८ मीटरवर, मोटारीच्या उजव्या कडेपासून अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला तो दिपवूं नये. दीड मीटर म्हणजे साधारणतः पायीं चालणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांची उंची. पुढच्या बाजूस लाल प्रकाश दाखविण्यास १०८ वा नियम मनाई करतो, हेंही रंगीत भुवयांच्या हौशी मंडळींनीं ध्यानांत ठेवावें. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही, कारखानदाराच्या मूळ नमुन्याशीं विसंगत असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं, असा निर्णय दिला. हें काम नीट करावयाचें तर कसें करतात, तें जर्मनींत दिसलें. तेथें २०२० सालीं ऑस्रॅमच्या एलईडी बल्बास प्रथम परवानगी मिळाली, पण ती सरसकट नव्हे. ज्या ज्या मोटारीच्या दिव्यांत तो बल्ब तपासला गेला, तेवढ्यांनाच ती लागू होती. बल्ब एकटा चांगला असून भागत नाहीं. बल्ब आणि आरसा ह्यांची पत्रिका जुळावी लागते.

मग हौस असेल त्यानें काय करावें? पार्किंगच्या लहान दिव्यापुरती ती ठेवावी. रंग पांढराच घ्यावा. मोटारीचें नांव व साल सांगून, बल्ब गेल्याची खोटी सूचना न देणारा बल्ब मागावा, आणि न चालल्यास परत घेण्याचें पावतीवर लिहून घ्यावें. मूळ तारेला कोणासही कात्री लावूं देऊं नये. जुने बल्ब फेंकूं नयेत. डबींत घालून मोटारींतच ठेवावेत. काम झाल्यावर मागचें झांकण पुरतें बसलें कीं नाहीं, तें स्वतः पाहावें. मोठ्या दिव्याचा प्रकाश कमी वाटत असेल तर आधीं त्याची धुरकटलेली कांच घांसून घ्यावी, झोताचा कोन तपासावा, आणि त्याच जातीचा चांगला तारेचा बल्ब घालावा. पुष्कळांची तक्रार एवढ्यानेंच मिटते. कोन घरींही पाहतां येतो. सपाट जागीं भिंतीपासून ५ मीटरवर मोटार उभी करून डिपर लावावा. झोताचा वरचा कांठ दिव्याच्या मध्यापेक्षां सुमारें ५ सेंटिमीटर खालीं पडला पाहिजे.

एवढें झाल्यावर शेवटची परीक्षा घरांतील सर्वांत वडील माणसाकडून करवून घ्यावी. वाडीच्या चौकांत मोटार उभी करून दिवे लावावेत. आजोबांना किंवा आजींना ८ मीटरवर, किंचित उजवीकडे, हात धरून उभें करावें, आणि डोळ्यांना त्रास होतो कीं काय, तें विचारावें. त्यांनीं डोळ्यांवर हात धरला तर तो दिवा त्याच रात्रीं उतरवावा. रस्त्यावर समोर येणारीं माणसें आपल्याला हें सांगावयास थांबत नाहींत.