एकट्याने सुधारण्याचा धंदा

सकाळी पाचला उठा. थंड पाण्याने आंघोळ करा. दहा मिनिटं ध्यान, वीस पानं वाचन, मग जिम. झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी डायरीत लिहा. एवढं केलं की माणूस आनंदी होतो, असं माझा फोन मला रोज सांगतो. तुमचाही सांगत असेल. नागपुरात मे महिन्यात पहाटे उठणं ही काही साधना नाही, कूलरमधलं पाणी संपलं की माणूस आपोआप उठतो. पण यातल्या एकाही सवयीशी माझं भांडण नाही. माझी तक्रार या यादीत कधीच न सापडणाऱ्या एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द म्हणजे ‘आपण’.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. आमच्या कामात एक साधी समज असते. एका युजरचं अॅप बंद पडलं तर त्याला फोन रीस्टार्ट करायला सांगायचं. दहा हजार युजरचं अॅप एकाच जागी बंद पडलं तर बग आपल्या कोडमध्ये आहे हे मान्य करायचं. माझ्या ओळखीतल्या पंचविशी-तिशीतल्या बहुतेकांना नीट झोप लागत नाही. रविवारची संध्याकाळ सोमवारच्या धास्तीत जाते. त्यातला प्रत्येक जण स्वतंत्रपणे असं समजतो की शिस्त आपलीच कमी पडतेय. म्हणून तो आणखी एक कोर्स विकत घेतो. प्रत्येकाला वेगवेगळं रीस्टार्ट करायला लावणं हाच हा धंदा आहे.

या धंद्याची सगळ्यात मोठी लबाडी बाबासाहेबांच्या नावावर चालते. ते रील तुम्ही पाहिलंच असेल. कृष्णधवल फोटो, मागे ढोल, आणि खर्जातला आवाज विचारतो: ते अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तू काय करतोस? रील तिथेच संपतं. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. तिथे एम.ए. केलं, प्रबंध लिहिला, मग अर्थशास्त्रासाठी लंडन गाठलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा शिक्षण अर्धवट सोडून १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते काही दिवस राहिले. जात कळल्यावर लाठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली आणि त्यांना ती जागा सोडावी लागली.

आता त्या रीलवाल्याने मला सांगावं, १९१७ च्या त्या दिवशी बाबासाहेबांनी स्वतःत आणखी कोणती सुधारणा करायला हवी होती? अजून लवकर उठायचं होतं? त्या काळात या देशात त्यांच्याइतकं शिकलेली माणसं किती होती? माणूस एकट्याने जेवढा वाढू शकतो तेवढा वाढला, तरी एक खोली मिळाली नाही. कारण बिघाड त्यांच्यात नव्हताच.

पण म्हणून त्यांनी स्वतःला घडवणं सोडलं नाही, आणि दुसऱ्यांनाही सोडायला सांगितलं नाही. हे माझ्या शहराला नीट माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना दिली. त्या वेळच्या २२ प्रतिज्ञा एकदा वाचून बघा. बहुतेक सगळ्या ‘मी’च्या तोंडच्या आहेत. मी चोरी करणार नाही, मी दारू पिणार नाही, मी खोटं बोलणार नाही, अशा अर्थाच्या. एखाद्या सेल्फ हेल्पच्या पुस्तकात शोभाव्यात इतक्या वैयक्तिक. पण त्याच यादीत सगळी माणसं समान मानण्याची आणि समतेसाठी झटण्याचीही प्रतिज्ञा आहे. आणि लाखो लोक ते ‘मी’ एकाच मैदानात, एकत्र उच्चारत होते. दारू सोडणारा माणूस त्या दिवशी एकटा नव्हता. त्याच्या शेजारी उभा असलेलाही सोडत होता.

हे जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर त्याने दसऱ्याला दीक्षाभूमीवर यावं. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं परत जाताना पुस्तकं घेऊन जातात. आणि ते १८ तास? एप्रिलमध्ये जयंतीच्या सुमारास कितीतरी कॉलेजांत, वाचनालयांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मुलं-मुली एका हॉलमध्ये बसून वाचतात. ज्यांनी बाबासाहेबांकडून अभ्यास घेतला, त्यांनी तो एकत्र बसूनच घेतला. रीलने तेवढा हॉल कापून टाकला आणि एकटा माणूस ठेवला.

गंमत म्हणजे इंग्रजांकडेही हेच झालं. सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ हेल्प’ १८५९ मध्ये आलं आणि त्याच नावाचा पुढे अख्खा बाजार उभा राहिला. त्या पुस्तकाचं मूळ लीड्स शहरातल्या काही तरुण कामगारांत आहे. कॉलऱ्याच्या साथीत तात्पुरतं इस्पितळ म्हणून वापरलेल्या एका खोलीत ते संध्याकाळी जमायचे आणि एकमेकांना लिहायला-वाचायला, गणित करायला शिकवायचे. त्यांनी स्माइल्सला बोलायला बोलावलं. त्या व्याख्यानांतून पुस्तक झालं. पुस्तक जगभर गेलं, ती खोली विसरली गेली.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. ‘भाऊ, जग बदलणं आपल्या हातात नाही, स्वतःला बदलणं आहे.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण या वाक्यात जग आणि मी असे दोनच पर्याय ठेवलेत. मधली पाच-दहा माणसं कुठे गेली? माझी टीम, माझा मजला, माझ्या अभ्यासिकेतली मुलं, माझी गल्ली?

मी ज्या कंपनीत आहे तिथे मागच्या वर्षी रात्री-बेरात्री सपोर्टचे फोन यायचे. ठरलेली पाळी नव्हती, जो फोन उचलेल तो अडकेल. आम्ही थकलोय असं सांगितल्यावर कंपनीने तणावावर एक वेबिनार ठेवला आणि ध्यानाच्या अॅपची फुकट मेंबरशिप दिली. ध्यान करतानाही फोन वाजायचा. मग आम्ही सहा जणांनी चहाच्या टपरीवर बसून एक मेल लिहिला आणि सहाही नावं खाली घातली. प्रत्येकाला सहा आठवड्यांतून एक आठवडा रात्रपाळी, बाकी पाच आठवडे फोन बंद. दोन महिने चर्चा चालली, शेवटी मान्य झालं. मला आता झोप लागते. पहाटे फुटाळ्यावर चालायलाही जातो, कारण अंगात त्राण असतं. ज्या सवयी मला वर्षभर जमल्या नव्हत्या, त्या त्या मेलनंतर जमायला लागल्या.

तेव्हा पाचला जरूर उठा. पुस्तकं वाचा, दारू सोडा, धावा. मी कुणालाही आळशी राहायला सांगत नाही. पण पुढचा नऊशे नव्याण्णव रुपयांचा कोर्स घेण्याआधी एक काम करा. जो त्रास तुम्ही स्वतःचा दोष समजून लपवताय, तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगा. तुलाही होते काय बे असं, एवढंच विचारा. तो हो म्हणाला तर तिसऱ्याला विचारा. मग काय बदलायचं ते तिघांनी मिळून ठरवा. त्यातलं काही तुमच्या स्वतःत असेल, काही ऑफिसात, काही घरात. दोन्हीकडे हात घाला.

आणि ते ढोलवालं रील पुन्हा आलं, तर खाली कमेंटमध्ये लिहा: १९१७, बडोदा.