गाडी किती पळालीय?

जुनी मोटार घ्यायला निघालेला माणूस गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो, टायरला एक लाथ मारतो (ती का मारायची हे आजवर कोणाला कळलेले नाही) आणि खिडकीतून आत मान घालून विचारतो, "किती पळालीय?" तीस हजार म्हटले की चेहरा खुलतो. एक लाख दहा हजार म्हटले, की स्थळाचे वय बेचाळीस निघाल्यासारखा पडतो.

या आकडाभक्तांशी माझे उभे भांडण आहे. अहो, गाडी किती चालली एवढेच मीटर सांगतो. कशी चालली, तेल वेळेवर बदलले का, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

दहा वर्षांत तीस हजार पळालेली पुण्यातली गाडी घ्या. म्हणजे काय? सदाशिव पेठेतून मंडई आणि मंडईतून सदाशिव पेठ. इंजिन पुरते तापायच्या आत मालक भाजी घेऊन घरी! इंजिनाची झीज गार असताना सुरू करण्यातच जास्त होते, आणि ते तापलेच नाही तर आतला ओलावा उडत नाही, सायलेन्सर आतून गंजतो. शिवाय दर शंभर पावलांवर क्लच आणि ब्रेक. उरलेले दिवस गाडी कव्हरखाली झोपा काढते; तेवढ्यात रबरी नळ्या कडक होतात, बॅटरी मान टाकते. उलट दर आठवड्याला कोल्हापूरला जाऊन येणारी गाडी टॉप गिअरमध्ये सुखाने धावते आणि साडेचार वर्षांत लाख ओलांडते. तिला मात्र आपण म्हातारी म्हणणार.

अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन या शाळामास्तरांनी 1966 साली घेतलेली व्होल्व्हो 2013 मध्ये 30 लाख मैलांवर, म्हणजे सुमारे 48 लाख किलोमीटरवर नेली. मास्तर तेल वेळेवर बदलत. आपल्याकडे लाख झाले की गाडीच्या तोंडात गंगाजल घालायची तयारी!

बरं, तो आकडा तरी खरा कशावरून? डिजिटल मीटरला यंत्र जोडले की लाखाचे चाळीस हजार होतात. करणारा लबाड खराच. पण "पन्नासच्या आतली दाखवा" म्हणून त्याचे दुकान कोण चालवतो? आपणच! आणि खरा आकडा सांगणाऱ्या सज्जनाची गाडी दारात पडून राहते.

आकडा बघूच नका असे मी म्हणत नाही. लाखावर असेल तर क्लच, सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट यांचा खर्च धरून भाव पाडा. ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आधी सर्व्हिसच्या पावत्या मागा. त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. टायरवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. वीस हजार पळालेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर मीटरपेक्षा पेडलवर विश्वास ठेवा.

कारण घाटात, पोरंबाळं मागे बसलेली असताना, कुजलेली ब्रेकची नळी फुटली, तर "अहो, पण तीस हजारच पळाली होती!" हे दरीला सांगून उपयोग नसतो.