ॲव्हरेज वाढलं, पेट्रोल कुठे वाचलं?

नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा हातात पडायच्या आधी एक प्रश्न येतोच : ‘ॲव्हरेज किती देते?’ शोरूममध्ये त्याला मायलेज म्हणतात, सरकारी कागदावर इंधन कार्यक्षमता. आपल्याकडे मात्र गाडी ॲव्हरेज ‘देते’, आणि नाही दिलं तर पेट्रोल ‘पिते’. या प्रश्नाची टर उडवणारे पुष्कळ आहेत. मला तो शहाणपणाचा वाटतो. छोटी गाडी दहा-बारा वर्षं वापरली तर तिच्या किमतीइतकाच पैसा हळूहळू पेट्रोलपंपावर जातो, तेव्हा विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. उत्तर म्हणून मिळणारा आकडा आपण चुकीच्या पद्धतीने वाचतो, आणि त्या चुकीपायी इंजिनीअर मंडळींची चांगली मेहनत वाया चालली आहे.

ही मेहनत म्हणजे काय ते एका ओळखीच्या गाडीवरून बघू. मे २०२४ मध्ये मारुती सुझुकीने स्विफ्टची चौथी पिढी भारतात आणली. बाहेरचा चेहरा बदलला, पण खरा बदल बॉनेटखाली होता. आधीच्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचं इंजिन होतं, नवीत तीन. इंजिनाची एकूण क्षमता जवळपास तीच, ११९७ सीसी. कंपनीच्या आकड्यांनुसार मॅन्युअल गिअरची गाडी लिटरला २२.३८ किलोमीटर जात होती, ती २४.८ जाऊ लागली. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारी गाडी, २२.५६ वरून २५.७५ वर गेली. ताकद ९० अश्वशक्तीच्या आसपास होती, ती ८२ वर आली. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला ही आठ अश्वशक्ती कधी आठवेल असं वाटत नाही.

एक सिलिंडर काढून टाकल्याने पेट्रोल का वाचावं? कारणं मुख्यतः दोन. पहिलं घर्षणाचं. सिलिंडर गेला की त्याच्याबरोबर एक पिस्टन, त्याच्या रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग हे सगळं गेलं. ही मंडळी मिनिटाला हजारो वेळा एकमेकांवर घासत असतात आणि त्यासाठी लागणारं पेट्रोल गाडीला इंचभरही पुढे नेत नाही. दुसरं कारण उष्णतेचं. पातेल्यात एक लिटर चहा जितका वेळ गरम राहतो, तितका तो दहा कपांत ओतल्यावर राहत नाही, कारण तेवढ्याच चहाला आता जास्त भिंती लागतात. इंजिनातल्या तापलेल्या वायूचंही तसंच. सुमारे ३०० सीसीच्या चार सिलिंडरांऐवजी ४०० सीसीचे तीन केले की वायूला लागणारी भिंत कमी होते. जी उष्णता भिंतीतून रेडिएटरकडे पळाली असती, तिच्यातली थोडी पिस्टन ढकलायला उरते.

फुकट काहीच मिळत नाही. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात आणि झोके बऱ्याच अंशी एकमेकांना मारून टाकतात. तिघांची अशी जोडी जमत नाही. इंजिन दोन्ही टोकांनी आळीपाळीने डोलतं, आणि गाडी उभी असताना ती थरथर स्टिअरिंगवर हाताला कळते. ती थोपवायला रबरी माउंटिंग, ज्याला गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात, ते विचारपूर्वक बनवावं लागतं. जपानमध्ये याच इंजिनाला माइल्ड हायब्रिडची, म्हणजे छोट्या मोटर-बॅटरीची जोड मिळते. भारतातल्या गाडीत ती नाही. ग्राहक किमतीला किती चिकटून आहे हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं.

इंजिन सुधारलं म्हणजे काम संपलं असंही नाही. टाकीतल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा दोन-तृतीयांशाच्या आसपासचा भाग रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून निघून जातो. चाकांपर्यंत जे पोचतं त्याचे तीन वाटेकरी : हवा, टायर आणि ब्रेक. कोणाचा वाटा मोठा, हे रस्त्यावर ठरतं. पुण्यात सिंहगड रोडवर एका सिग्नलपासून गाडी चाळीसच्या वेगाला आणायला जी ऊर्जा खर्चली, ती पुढच्या सिग्नलला ब्रेक तापवण्यात संपते, आणि ती गाडीच्या वजनाच्या थेट प्रमाणात असते. वजन दीडपट, तर दर सिग्नलला होणारं नुकसानही दीडपट. तीच गाडी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर गेली की हिशेब बदलतो. तिथे ब्रेक क्वचित लागतो, पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून १०० वर गेलात की हवा पावणेतीनपट जोराने मागे रेटते. त्यामुळे शहरासाठी गाडी हलकी हवी आणि महामार्गासाठी निमुळती, बुटकी. उंच, चौकोनी आणि जड गाडी या दोन्ही ठिकाणी मार खाते. आपल्याला सध्या नेमकी तीच आवडते आहे.

हलकेपणाचा ध्यास किती दूर जाऊ शकतो याचं एक जुनं उदाहरण जर्मनीचं. फोक्सवॅगनने १९९९ मध्ये आपल्या लुपो या छोट्या गाडीची ‘थ्री-एल’ नावाची आवृत्ती काढली. शंभर किलोमीटरला तीन लिटर डिझेल, हे तिचं उद्दिष्ट नावातच होतं. आपल्या भाषेत लिटरला तेहतीस किलोमीटर. बाहेरून साध्या लुपोसारखीच दिसणारी ही गाडी आतून जवळजवळ नवी होती. दारं आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे, स्टिअरिंगच्या चाकात मॅग्नेशियम, काचा पातळ, टायर अरुंद. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद पडायचं. एवढं करून वजन ८३० किलोंच्या आसपास आणलं. इंजिन तीन सिलिंडरचंच होतं. तंत्र म्हणून गाडी अफलातून होती, पण महाग होती आणि विक्री बेताचीच झाली. २००५ मध्ये ती बंद पडली. वाचणाऱ्या डिझेलपेक्षा ॲल्युमिनियमचा भाव जास्त पडला, असं म्हणता येईल.

आपल्याकडे वजनाची गोष्ट उलट्या दिशेने गेली. १९८३ ची मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोंची होती. आजची स्विफ्ट नऊशेच्या वर आहे. या वाढीतला मोठा हिस्सा मी आनंदाने मान्य करतो. सहा एअरबॅगा आणि अपघातात चुरगळून प्रवाशांना वाचवणारा सांगाडा यांना वजन लागणारच, आणि पेट्रोलसाठी जीव धोक्यात घालायचं कोणी सुचवू नये. तीन-चार दशकांत गाडी अडीचशेहून अधिक किलोंनी जड झाली आणि तरी पेट्रोल कमी पिते, हे इंजिन बनवणाऱ्यांचं खरं कर्तृत्व आहे.

आता त्या आकड्याकडे येऊ. २४.८ हा आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वीसेक मिनिटं पळवतात. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, मागे चार माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं नाही. मॅन्युअल गाडीत गिअर कधी बदलायचा हेही वेळापत्रकात लिहिलेलं असतं, एएमटीला मात्र तो आपल्या सोयीने बदलता येतो. एएमटीचा आकडा मॅन्युअलपेक्षा सरस दिसतो त्यामागे हेही एक कारण आहे. आपली ही चाचणी ज्या जुन्या युरोपीय चाचणीवरून बेतली, तिचं काय झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. युरोपात प्रयोगशाळेतला खप आणि रस्त्यावरचा खप यांतली तफावत २००१ च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आत होती. पुढच्या दीड दशकात ती ४० टक्क्यांच्या घरात गेली. गाड्या रस्त्यासाठी सुधारत होत्या, पण परीक्षेसाठी त्याहून वेगाने सुधारत होत्या. २०१७ पासून युरोपने ती चाचणी मोडीत काढून अधिक कडक चाचणी आणली.

तरीही हा आकडा निरुपयोगी नाही. दोन गाड्या एकाच चाचणीत बसल्या असतील तर त्यांची तुलना बऱ्यापैकी करता येते. गडबड होते ती तुलनेच्या पद्धतीत. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या ड्यूक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. एका गॅलनमध्ये किती मैल, हा आकडा लोकांना फसवतो. आपला ‘लिटरला किती किलोमीटर’ तसाच फसवतो.

कागद-पेन्सिल घ्या. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरू. लिटरला १० जाणारी गाडी बदलून १२ जाणारी घेतली तर पेट्रोल १,००० लिटरवरून ८३३ वर येतं. वाचलं १६७ लिटर. आता २२.३८ वरून २४.८. इथे फरक दोनाहून जास्त किलोमीटरचा आहे, म्हणून बचतही जास्त वाटते. पण ४४७ लिटरचे ४०३ होतात. वाचले ४४. रुपयांत साडेचार हजार, धुरात सुमारे शंभर किलो कार्बन डायऑक्साइड. वाईट नाही. पण मुळात काटकसरी गाडीतून आणखी काटकसर काढणं म्हणजे दळून घेतलेलं पीठ पुन्हा चाळण्यासारखं आहे. कष्ट खूप, हाती येणारं थोडं.

आता उलटा प्रवास पाहा. एखाद्या कुटुंबाने २४.८ ची छोटी गाडी न घेता १७ जाणारी उंच, जड एसयूव्ही घेतली. वर्षाचं पेट्रोल ४०३ ऐवजी ५८८ लिटर. म्हणजे १८५ लिटर जास्त. भागून बघा : चार घरांनी जुनी स्विफ्ट देऊन नवी घेतली आणि जे वाचवलं, ते पाचव्या घराने एसयूव्ही घेऊन खर्ची टाकलं. आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून अधिक या उंच वर्गातली आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की तीन सिलिंडरचं इंजिन बनवणाऱ्याने जे कमावलं, ते शोरूमच्या मजल्यावर हरवतं आहे, आणि कुठल्याही एका गाडीच्या ॲव्हरेजकडे बघून ते दिसत नाही.

सगळा दोष गिऱ्हाइकावर टाकणं मला पटत नाही. रस्ते खराब, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, समोरून येणारा ट्रक, मग उंच गाडीत सुरक्षित वाटणारच. पण नियमही जड गाडीकडे झुकलेले आहेत. २०१७-१८ पासून आपल्याकडे प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या गाड्यांच्या सरासरी धुरावर मर्यादा आहे. किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात झाली, २०२२-२३ पासून ती ११३ वर आली. ऐकायला छान आहे. मेख अशी की ही मर्यादा गाड्यांच्या सरासरी वजनाला बांधलेली आहे. कंपनीच्या गाड्या जड, तर मर्यादा सैल. हलक्या, तर घट्ट. समजा एखाद्या इंजिनीअरने खपून गाडीचं वजन पन्नास किलोंनी उतरवलं. पेट्रोल वाचेल, पण कंपनीची मर्यादाही तेवढ्यापुरती आवळली जाईल. नापास होणाऱ्याला सोपा पेपर आणि अभ्यास करणाऱ्याला अवघड, असा हा प्रकार आहे.

पुढचा टप्पा एप्रिल २०२७ पासूनचा, आणि त्यात छोट्या गाड्यांना वेगळी सवलत द्यावी का, यावरून कंपन्यांमध्ये उघड वाद झाले. ज्याच्या गाड्या छोट्या तो सवलत मागतो, ज्याच्या मोठ्या तो विरोध करतो. त्यात नवल नाही. मला स्वतःला सवलत हा चांगला मार्ग वाटत नाही. अमुक किलोंच्या आतल्या गाडीला सूट म्हटलं की त्या रेषेच्या एक किलो अलीकडे येऊन थांबणाऱ्या गाड्या निघतील. परीक्षेसाठी गाडी बनवायची सवय आपण युरोपात पाहिलीच. त्यापेक्षा वजनाप्रमाणे मिळणारी ढील कमी करावी, जवळजवळ सपाट करावी. मग वजन उतरवणाऱ्याला त्याचं पूर्ण श्रेय मिळेल आणि जड गाडी विकणाऱ्याला ती वीज किंवा हायब्रिडच्या जोरावर खरोखर सुधारावी लागेल. मोठ्या कुटुंबाला मोठी गाडी लागते, हे खरं आहे. ती मिळू नये असं कोणी म्हणत नाही, तिचा हिशेब तिच्या नावावर लागावा इतकंच.

आणि एक अगदी स्वस्त सुधारणा. शोरूममधल्या गाडीच्या काचेवर ‘लिटरला किती किलोमीटर’ याच्या शेजारी ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ हेही छापावं. युरोपात असंच मोजतात आणि त्यात फसगत होत नाही : ४.५ चे ४ झाले की अर्धा लिटर वाचला, ६ लागले की दोन लिटर जास्त गेले, साधी वजाबाकी. त्याखाली गाडीचं वजन किलोत लिहावं. तोवर स्वतःच्या गाडीचा हिशेब घरी करता येतो. टाकी काठोकाठ भरा, मीटर टिपून ठेवा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसलं ते पाहा, त्याला मधल्या किलोमीटरनी भागा आणि शंभरने गुणा. एसी लावूनच मोजा, आणि एकदा शहरात, एकदा घाटात.