कुलूप आमचे, मग किल्ली कुणाची?

विकत घेतलेल्या वस्तूवर मालकाचा हक्क किती, हा प्रश्न आपल्या आजोबांना कधी पडला नाही. शिवणयंत्र घरात आले की ते घरचे झाले. त्याला तेल कोणते घालावे, दोरा कोठून आणावा, पट्टा तुटला तर कोणाकडून बसवून घ्यावा, हे सांगायला कंपनीचा माणूस दारात उभा राहत नसे. आज मात्र तळहातावर मावणारे खेळाचे यंत्र आपण रोख पैसे मोजून आणतो, आणि तरीही त्याच्या पोटात काय चालावे हे ठरवण्याचा अधिकार दूरदेशीच्या कंपनीकडेच राहतो. या व्यवहाराला म्हणे विक्री म्हणायचे! मी याला भाडेपट्टा म्हणतो; आणि तोही असा, की सगळे भाडे आगाऊ भरून घेतलेले.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे थ्रीडीएस हे दोन पडद्यांचे, पुस्तकासारखे मिटणारे यंत्र २०११ साली बाजारात आले. २०२० साली त्याचे उत्पादन थांबले. मार्च २०२३ मध्ये, ज्यातून खेळ थेट यंत्रात उतरवून घेता येत, ते कंपनीचे दुकान बंद झाले. एप्रिल २०२४ मध्ये दूरच्या गड्यांशी खेळण्याची सोयही गेली. आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची मुभा तूर्त ठेवू, असे दुकान बंद करताना कंपनीने सांगितले. पण या 'तूर्त'ची लांबी कंपनीच ठरवणार. दुकान बंद करण्याचा हक्क दुकानदाराला आहे, तो मी नाकारीत नाही. पण जाताना गिऱ्हाइकाच्या घराची किल्ली खिशात घालून जाण्याचा हक्क त्याला कोणी दिला?

किल्ली म्हणतो ती उगीच नव्हे. दुकानातून घेतलेले खेळ आणि त्यांत मुलाने चार-पाच वर्षे खपून केलेली प्रगती यंत्रातल्या छोट्या कार्डावर असते. परंतु ती त्या एकाच यंत्राच्या गुप्त खुणेने कुलूपबंद केलेली असते. कार्डाची प्रत संगणकावर खुशाल करा. दुसरे यंत्र ती वाचणार नाही. यंत्र मेले, की कार्ड शाबूत असूनही आतले सारे मुके झाले. म्हणजे ज्याला आपली वस्तू जपायची आहे, त्याच्याच वाटेत हे कुलूप आडवे येते.

यावर जो उपाय आहे त्याला कस्टम फर्मवेअर म्हणतात. फर्मवेअर म्हणजे यंत्र सुरू होताच ज्या आज्ञावलीच्या हाती त्याचा कारभार जातो ती. तिच्या जागी, किंवा तिच्या जोडीला, मालकाच्या पसंतीची आज्ञावली बसवायची, एवढाच या शब्दाचा अर्थ. थ्रीडीएसमध्ये हे शक्य झाले ते कंपनीच्याच चुकीमुळे. बटण दाबताच चालणारी अगदी पहिली आज्ञावली चिपमध्ये कायमची कोरलेली असते, आणि पुढच्या आज्ञावलीवरची कंपनीची सही खरी की खोटी हे ती तपासते. या तपासणीतच खोट निघाली. २०१६ च्या डिसेंबरात हॅम्बुर्ग येथील परिषदेत ती जाहीर झाली आणि २०१७ साली तिच्या आधारे बूट९स्ट्रॅप ही आज्ञावली आली. कोरलेले अक्षर पुसता येत नाही. म्हणून विकलेल्या यंत्रांतली ही खोट कंपनीला दुरुस्त करता आली नाही.

कोणी म्हणेल, हे तर चोरीचे समर्थन झाले. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. खेळ रचणाराही लेखकच असतो. हाच दिवाळी अंक कोणी फुकट छापून वाटू लागला, तर संपादक लेखकांना मानधन कोठून देणार? म्हणून, न घेतलेले खेळ यंत्रात भरणे ही चोरी आहे, असे मी स्वच्छ म्हणतो. पण सुरीने खून होतो म्हणून कोणी घरोघरच्या विळ्या जप्त करीत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आले. त्यात कुलूप मोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मात्र ते हक्कभंगाच्या हेतूने मोडले तर, आणि कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कारणासाठी केलेली कृती त्यातून वगळली आहे. कायद्याने हेतू पाहिला. कंपन्या तो पाहायला तयार नाहीत. मे २०२५ मध्ये निन्टेन्डोने अमेरिकेतल्या आपल्या करारात असे कलम घातले, की अटी मोडल्यास यंत्र कायमचे निरुपयोगी करण्याचा अधिकार आम्हाला राहील. घेतलेली वस्तू विकणाऱ्याने दुरूनच मारून टाकावी, आणि तिला आपण आपली म्हणावे!

इतके झाल्यावर आता माझा रोख माझ्याच बाजूच्या लोकांकडे वळवतो. कारण मालकीहक्काचे खरे नुकसान कंपनीइतकेच या उतावळ्यांनी केले आहे. शेदोनशे रुपयांत 'खोलून' देणारा आणि वर चोरीच्या खेळांनी ठासलेले कार्ड हातावर ठेवणारा दुकानदार, आणि कुठलीशी चित्रफीत अर्धीमुर्धी पाहून बटणे दाबणारा उत्साही तरुण, हे दोघे त्यांतले मुखंड. इतिहास यांना ठाऊक नाही. २००५ साली सोनीच्या पीएसपी यंत्रासाठी, जुन्या आवृत्तीवर परत नेतो असे सांगणारी एक आज्ञावली पसरली. तिने मूळ फायली पुसून यंत्रांच्या विटा केल्या. २०१४ च्या आरंभी गेटवे नावाच्या, थ्रीडीएससाठी विकल्या जाणाऱ्या कार्डाच्या कर्त्यांनी, आपली नक्कल करणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठी यंत्रच बंद पाडणारी तरतूद आपल्या आज्ञावलीत लपवली, आणि गिऱ्हाइकांची यंत्रे गेली. फुकटाच्या मोहाने जाणाऱ्याला वाटेत ठगच भेटायचे!

माझे म्हणणे असे, की यंत्र उघडण्याचा हक्क जपणुकीतून येतो. म्हणून उघडण्याची रीतही जपणुकीचीच हवी. बॅटरी पूर्ण भरलेली असावी, कारण लिहिणे अर्धवट राहिले तर यंत्र ना जुने राहते ना नवे होते. कार्ड खरे आहे याची संगणकावर चाचणी घ्यावी. बाजारात अशी नकली कार्डे आहेत, की वर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मेही त्यांत मावत नाही आणि पुढची अक्षरे मुकाट्याने हरवतात. आपल्या यंत्राची नेमकी जात आणि आवृत्ती पाहून तिच्यासाठीच लिहिलेली ताजी, लेखी कृती शेवटपर्यंत वाचावी. चित्रफीत जुनी होते आणि तशीच फिरत राहते. आज्ञावली मूळ कर्त्यांकडूनच घ्यावी. ती फुकट असते. तिचे पैसे मागणारा लबाड समजावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे: आतली वाट मोकळी होताच, दुसरे काहीही करण्याआधी, यंत्राच्या अंतर्गत साठवणीची संपूर्ण प्रत काढावी. ती सुमारे एक गिगाबाइट भरते. ती संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी, कारण दुसऱ्याच्या यंत्राची प्रत आपल्या यंत्राला चालत नाही. बूट९स्ट्रॅप मूळ व्यवस्थेच्या आधी जागा होत असल्यामुळे, पुढे ती व्यवस्था बिघडली तरी हीच प्रत परत बसवून यंत्र उठवता येते. प्रत काढणारे गॉडमोड९ हे साधनही शहाणे आहे. नाजूक जागी काही लिहायचे झाले, की ते आधी बटणांचा एक ठरावीक क्रम दाबायला लावते, आणि जागा जितकी धोक्याची तितका तो क्रम अवघड. चांगला कारागीर हत्यारातच एक थांबा ठेवतो. आपल्या उतावळ्यांना नेमका हा थांबा जाच वाटतो.

हे पोरखेळ आहेत, त्यांचे एवढे काय, असे म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत. छापील पोथी कंपनीच्या परवानगीवाचून कोणाच्या तरी माळ्यावर टिकली. म्हणून ती आपल्यापर्यंत आली. या नव्या पोथ्यांना माळाच ठेवलेला नाही. तो प्रत्येक घराने स्वतः बांधायचा आहे. म्हणून माझा आग्रह आहे, की ज्याच्याकडे यंत्र आहे त्याने ते उघडावे, पण उघडण्यापूर्वी तास-दोन तास वाचावे, आणि उघडताच पहिली प्रत काढावी. एवढा धीर ज्याच्याजवळ नाही, त्याने यंत्र कपाटातच राहू द्यावे. ज्याच्याजवळ आहे, त्याला कोणाही कंपनीची परवानगी मागण्याचे कारण नाही.